बिननावाच्या फ्लॉप्या

आमच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरला रोज चार बादल्या पाणी लागायचं. आजच्या वाचकाला हे वाक्य चुकलेलं वाटेल, म्हणून खुलासा करतो. यंत्र थंड खोलीत ठेवावं, असं त्याच्याबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं. एअर कंडिशनरची मंजुरी वर कुठेतरी अडकली होती, म्हणून खिडकीत कूलर बसवला, आणि कूलर पाण्यावर चालतो. लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. त्या उन्हाळ्यात शहरात आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं. शिपाई कार्यालयाच्या टँकरमधून आधी कूलरच्या बादल्या भरायचा, मग पिण्याचा माठ. गार राहण्याचा पहिला मान यंत्राचा. आणि ते यंत्र कशासाठी आणलं होतं, तर कोणत्या गावाला पाणी नाही याची यादी ठेवण्यासाठी.

मी नांदेडचा. पदवी इतिहासाची, नोकरी लिपिकाची, आणि मध्ये दोन महिन्यांचं कॉम्प्युटरचं प्रशिक्षण. त्या प्रशिक्षणाला दुसरं कुणी नाव दिलं नव्हतं म्हणून माझं गेलं होतं. एवढ्या भांडवलावर माझी लातूरला बदली झाली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. नव्या जिल्ह्यातली बहुतेक कार्यालयं तेव्हा भाड्याच्या जागेत होती, आमचं एका बंद पडलेल्या तेलघाण्याच्या गोदामात होतं. भिंतींना करडईच्या तेलाचा वास यायचा. बाहेरची पाटी मात्र संगमरवरी होती. पाटी आधी आली, खुर्च्या नंतर आल्या, आणि खुर्च्यांवर बसून काम करणारी माणसं सगळ्यात शेवटी.

यंत्राच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. नारळ यंत्रापुढेच फोडायचा आग्रह होता. पाणी उडेल असं मी सांगितल्यावर तो बाहेर पाटीपुढे फोडला आणि यंत्राच्या बटणांना हळदीकुंकू वाहिलं. एका बटणाखाली कुंकू गेलं आणि ते बटण पुढे कायम जड चालायचं. साहेबांनी भाषणात सांगितलं की यापुढे या जिल्ह्यात कागद राहणार नाही. भाषण सोळा पानी होतं आणि त्याच्या दोनशे प्रती काढलेल्या होत्या. मग साहेब पाहुण्यांदेखत माझ्याकडे वळले.

"काय हो, आता कागद जपायची काही गरज?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "सगळं यात आहे."

दुसऱ्यांच्या बडेजावाला मी जन्मभर हसत आलो आहे. माझ्या स्वतःच्या बडेजावाचं हे एवढं एकच वाक्य मला आठवतं. त्यानंतर पंधरा दिवसांत तलाठ्यांकडून आलेले टंचाईचे सगळे तक्ते रद्दीत गेले.

त्या तक्त्यांत माझी एक लबाडी होती, ती सांगायला हवी. जुन्या जिल्ह्याच्या यादीत एका गावाला एक ओळ असायची. गावच्या विहिरीत पाणी असलं की गावाला पाणी आहे. त्या विहिरीच्या काठावर कोण चढतं, आणि कोण चार हात लांब रिकामी घागर ठेवून, कुणीतरी वरून ओतेल म्हणून उभं राहतं, हे एका ओळीत मावत नाही. मी लांब उभं राहणाऱ्यांच्या घरातला, त्यामुळे मला ते कुणी शिकवावं लागलं नाही. तलाठ्यांना पत्र टंकताना मी शेवटी एक वाक्य जास्त घातलं: गावापासून वस्ती वेगळी असल्यास तिचा तक्ता स्वतंत्र पाठवावा. साहेबांनी न वाचता सही केली. सरकारात काही चांगल्या गोष्टी अशाही होतात.

माझी धाकटी बहीण औसा तालुक्यातल्या अशाच एका वस्तीत दिलेली आहे. तिच्या वस्तीची ओळ यादीत चढली आणि टँकर सुरू झाला. एक दिवसाआड, विहाराशेजारच्या सिमेंटच्या टाकीत. हे मी तिच्यासाठी केलं का? तिच्यासाठीही केलं.

आता फ्लॉप्यांकडे येतो. त्या यंत्राला स्वतःची आठवण नव्हती. बंद केलं की सगळं विसरायचं. जे लक्षात ठेवायचं ते सव्वापाच इंची फ्लॉपीवर, म्हणजे काळ्या पातळ पाकिटात शिवून टाकल्यासारख्या एका गोल चकतीवर लिहून ठेवायचं. यंत्राबरोबर नामांकित कंपनीच्या दहा फ्लॉप्या आल्या होत्या. त्या साहेबांनी आपल्या लोखंडी कपाटात ठेवल्या. एकीवर त्यांचं भाषण होतं, दुसरीवर उद्घाटनाच्या निमंत्रितांची यादी, बाकीच्या कोऱ्या. किल्ली साहेबांच्या जानव्याला होती असं शिपाई म्हणायचा. मी ती टेबलाच्या खणात पाहिली आहे.

यादीसाठी फ्लॉप्या हव्या होत्या आणि लातुरात त्या मिळत नव्हत्या. एका मासिकात जाहिरात होती: बिननावाच्या फ्लॉप्या, प्रत्येक तपासलेली, घरपोच व्ही.पी.नं, पैसे पोस्टमनला, आयुष्यभराची हमी. कुणाच्या आयुष्यभराची ते लिहिलं नव्हतं. किंमत नामांकितांच्या तिसऱ्या हिश्शाएवढी.

"कंपनीचं नाव काय?" साहेबांनी विचारलं.

"नाव नाही साहेब. नाव नाही म्हणून स्वस्त आहेत."

साहेबांनी माझ्याकडे निमंत्रण नसताना आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग फाइलवर हिरव्या शाईनं लिहिलं, "मागवण्यास हरकत नाही. जबाबदारी संबंधित लिपिकाची."

पार्सल आलं ते रीतीप्रमाणे बारनिशीत. बारनिशी म्हणजे आल्यागेल्या टपालाची नोंद ठेवणारं टेबल. त्या टेबलावर एक वयस्क काका होते, निवृत्तीला थोडे महिने उरलेले. त्यांचे वडील निजामाच्या दफ्तरात होते आणि ते दफ्तर काकांच्या अंगातून कधी गेलं नाही. कार्यालयात टपालानं आलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या जाड वहीत चढायची आणि तिच्यावर शिक्का बसायचा. मला पार्सल मिळालं तेव्हा दहाही फ्लॉप्यांच्या कागदी पाकिटांवर चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या, त्यांवर लाल शाईत आवक क्रमांक, वळणदार अक्षरात. मला त्या वेळी हसू आलं होतं.

पहिले काही आठवडे फ्लॉप्या नीट चालल्या. मी शहाण्यासारखी प्रत्येक तालुक्याची यादी दोन-दोन फ्लॉप्यांवर ठेवली होती, एक खराब झाली तर दुसरी असावी म्हणून. दोन्ही एकाच डब्यातल्या होत्या, हे शहाणपणात धरलं नव्हतं.

मग एकेक जाऊ लागली. आधी यंत्रातून खरखर यायची, झाडूनं फरशी घासल्यासारखी. मग पडद्यावर ओळ उमटायची की फ्लॉपी वाचता येत नाही, आणि खाली तीन पर्याय: सोडून द्या, पुन्हा प्रयत्न करा, दुर्लक्ष करा. आमच्या कार्यालयाचं सगळं कामकाज एवढ्या थोडक्यात कुणी मांडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. उदगीरची पहिली प्रत गेली तेव्हा दुसरी होती. निलंग्याची गेली, तिचीही दुसरी होती. गेलेल्या दोन फ्लॉप्या मी कंपनीकडे हमीखाली परत पाठवल्या, सोबत एक बऱ्यापैकी बोचरं पत्र लिहून.

दर सोमवारी टँकरची यादी छापून जायची. त्या सोमवारी मी औशाची फ्लॉपी घातली. खरखर. दुसरी घातली. तीही खरखर. मी पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा. फ्लॉपी काढून सदऱ्याला पुसली, कूलरपुढे धरली, उन्हात धरली, जे करू नये म्हणून पुस्तकात लिहिलं होतं तेही सगळं केलं. दुपारपर्यंत निलंग्याची आणि उदगीरची दुसरी प्रतही गेली. दाराशी टँकरवाले कंत्राटदार यादीसाठी उभे होते आणि मी त्या जड बटणावर बोट ठेवून बसलो होतो.

साहेब मात्र अजिबात गडबडले नाहीत. त्यांनी जुन्या जिल्ह्याच्या वेळची टंचाईची फाइल मागवली, तीतली यादी काढली आणि म्हणाले, "हीच टंकून द्या. दुष्काळ काय बदलतो?"

टंकून दिली. त्या यादीत गावाला एक ओळ होती. एकही वस्ती नव्हती.

मी म्हटलं, "साहेब, यातून वस्त्या गळाल्या."

"यादीत नसतील तर टँकर कसा देणार? ऑडिटला मी काय सांगू?"

"यादीत होत्या साहेब."

"दाखवा," साहेब म्हणाले.

मला दाखवता येईना. सगळं त्यात होतं.

त्या आठवड्यात मी काय काय केलं ते आठवून आजही कान तापतात. तलाठ्यांना नवे तक्ते पाठवा म्हणून पत्र काढलं. तलाठी वसुलीच्या मागे होते, उत्तर कुणाचंच येईना. रद्दीवाल्याकडे गेलो तर त्यानं तक्ते पुढे विकून टाकलेले. बसस्टँडवरच्या फुटाणेवाल्याकडे काही गेलेत असं कळलं म्हणून त्याच्याकडे गेलो. त्याच्या पुड्या उलगडून बघायला लागलो तर तो म्हणाला, "साहेब, फुटाणे घ्यायचे तर घ्या. पुड्या वाचायला लायब्ररी तिकडं हाय." उदगीर तालुक्यातली तीन गावं सापडली. औशाचं काहीच नाही. फुटाणे मात्र बरेच घ्यावे लागले.

नऊ दिवसांनी बहीण आली. एसटीनं आली, हातात पिशवी, पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या. कार्यालयाच्या दाराशी उभी राहून तिनं आधी कूलरकडे बघितलं.

"दादा, तुझा टँकर आमच्यावर रुसलाय का?"

"किती दिवस झाले?"

"दहावा चालू हाय. येतो, गावातल्या हिरीत वततो अन् जातो. डायवरला इचारलं तर म्हणतो, कागदावर तुम्ही न्हाईत. मी म्हणलं, कागद आमच्या दादाकडंच हाय."

तिनं पुढे सांगितलं ते तसंच लिहितो.

"सासू झिऱ्यावर बसायलीय. पाटंच जाती, दिवस कलला की येती. वढ्यात खड्डा खांदलाय पुरुसभर, त्याच्यात उतरून वाटीनं भरायचं. एक वाटी भरली की पुन्यांदा पाझरायची वाट बघायची. मी म्हणलं, मी बसते. तर म्हणती, तू खडी फोडायला जा, मला खडी फुटत न्हाई, वाटी धरता येती. सत्तर वर्साची बाई हाय दादा. खड्ड्याच्या कडंला धरायला बी काई न्हाई."

"विहिरीवर कुणी देत नाही?"

"देतेत की. समद्यांचं झाल्यावर. तवर गाळ ऱ्हातोय."

तिनं बाटल्या आमच्या माठातून भरून घेतल्या. शिपायानं बघितलं आणि तोंड फिरवलं. जाताना ती म्हणाली, "तू लिहिल्यालं पुसतंय का रे असं?" तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. हो, पुसतं, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मग आधीच्या लोकांचं कसं ऱ्हात हुतं?"

मी पुन्हा साहेबांकडे गेलो. नुसत्या तोंडी सांगण्यावर टँकर वळवता येत नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. त्यांचंही चूक नव्हतं. तोंडी सांगण्यावर टँकर वळायला लागले असते तर ते कुणाच्या मळ्यात गेले असते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आणि बहिणीची वस्ती म्हणून मी आग्रह धरतो आहे, हेही त्यांना ठाऊक झालं होतं. फाइलवरची हिरवी शाई त्यांनी पुन्हा एकदा माझ्यापुढे सरकवली. मी बाहेर आलो. बहिणीच्या वस्तीसारख्या जिल्ह्यात आणखी किती, ते मी मोजलंही नव्हतं. यंत्र मोजायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचं उत्तर आलं. लहानसं पार्सल होतं, दोन नव्या फ्लॉप्या आणि एक टंकलेलं पत्र. बारनिशीत काका पार्सल सोडत होते, मी समोर उभा राहूनच पत्र वाचायला घेतलं. मजकूर असा: आपण परत पाठवलेल्या फ्लॉप्या तपासल्या. दोन्हींच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर जड वस्तूचा आघात दिसतो. आवरण आत दबल्यामुळे चकतीची बाहेरची कड फिरताना घासली जाते. सबब हमी लागू होत नाही. तरीही सौजन्य म्हणून दोन नव्या पाठवत आहोत. कृपया त्यांवर काही ठोकू नये.

मला संताप आला. स्वस्त माल विकतात आणि वर आम्हालाच अडाणी ठरवतात. मी त्याच आवेशात वर बघितलं.

काकांनी एक फ्लॉपी पाकिटातून बाहेर काढली होती. ती लाकडी फळीवर नीट कागदासारखी ठेवली. लोखंडी दांड्याचा पितळी शिक्का जांभळ्या शाईत दाबला आणि फ्लॉपीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर हाणला. काळ्यावर जांभळं उमटलं नाही. काकांनी चष्मा वर करून बघितलं, शिक्का पुन्हा शाईत दाबला आणि आणखी जोरात हाणला. मग तिसऱ्यांदा. मग फ्लॉपी पाकिटात सरकवली, चिठ्ठी डकवली आणि दुसरी हातात घेतली.

"काका, थांबा," मी म्हटलं.

"का?"

"सगळ्यांवर मारलात का असा?"

"म्हणजे? दहा नग आले होते, दहावर मारला. उठतच न्हाई या काळ्या रंगावर. लई मेहनत झाली." ते थोडे ओशाळले. "उठला न्हाई म्हणूनच चिठ्ठ्या लावल्या, भाऊ. न्हाईतर म्हणाल शिक्का न्हाई."

मी पहिली फ्लॉपी घेऊन खिडकीशी गेलो आणि उन्हात तिरकी धरली. कोपऱ्यात चंद्रकोरीसारखा खड्डा होता, बोटाला जाणवेल न जाणवेल एवढाच. चकतीच्या बाहेरच्या कडेवर कोणती माहिती कुठे ठेवली आहे त्याची नोंद असते. ती गेली की बाकी सगळं जागेवर असून सापडत नाही. धूळ, ऊन आणि तो खड्डा, रोज थोडं थोडं घासत गेले. साहेबांच्या कपाटातल्या नामांकित फ्लॉप्या शाबूत राहिल्या त्या नावामुळे नाही. त्या यंत्राच्या खोक्यातून आल्या होत्या, टपालानं आल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी शिक्का खाल्ला नव्हता. आणि इतके दिवस मी त्या बिननावाच्या वस्तूंना शिव्या दिल्या, पण एकदाही एखादी उचलून उजेडात धरली नाही.

मी काकांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी हातातला शिक्का फळीवर आडवा ठेवला.

"माझ्यानं झालं म्हणता?"

मी फ्लॉपी त्यांच्या हातात दिली आणि खड्ड्यावर त्यांचं बोट टेकवलं.

"चाळीस वर्सं मारायलोय," ते म्हणाले. "शिक्का न्हाई तर वस्तू आली कशावरून? तुमचे ते तक्ते आले, त्याच्यावर बी एकेकावर मारलाय. गठ्ठ्यावर एक मारून भागलं असतं. मी न्हाई तसं केलं."

"एकेकावर?"

"एकेकावर. नोंद करून."

"नोंद म्हणजे काय लिहिलंत?"

काकांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "काय लिहिलं म्हणजे? कुठून आलं ते लिहिलं. गाव, अन् वस्तीचा तक्ता आसंल तर वस्ती. बिगर नोंदीचा शिक्का असतोय का कुठं?"

त्यांनी मागच्या फडताळातून वही काढली. लाल कापडी पाठ, वाळवीचं औषध मारलेली. पानांमागून पानं, वळणदार अक्षरात, निलंगा, औसा, उदगीर, एकेका ओळीत एकेक तक्ता. बहिणीची वस्ती एका पानाच्या मध्यावर होती. गावाच्या नावाखाली, थोडी आत सरकवून लिहिलेली, वेगळा क्रमांक असलेली.

तो दिवस आणि दुसरा अर्धा दिवस आम्ही दोघं त्या वहीवर बसलो. काका वाचायचे, मी आधी हातानं लिहायचो, मग टंकायचो. कूलरमध्ये पाणी नव्हतं, मीच नको म्हटलं होतं. वहीत नावं होती, माणसं किती, किती खेपा लागतात, हे नव्हतं. वस्तीला एक खेप धरली. काही वस्त्यांना ती पुरली नसणार, हे मला तेव्हाही कळत होतं. दुसरी प्रत वेगळ्या डब्यातल्या फ्लॉपीवर हवी होती, म्हणून साहेबांकडे गेलो. वही बघितल्यावर त्यांचा नूर बदलला, कारण ती ऑडिटला दाखवता येत होती. त्यांनी कपाट उघडून एक फ्लॉपी दिली. ती निमंत्रितांची निघाली. मी निमंत्रित पुसले आणि वस्त्या चढवल्या.

कंपनीच्या दोन फ्लॉप्यांपैकी शिक्का खाल्लेली दहा-बारा दिवसांत गेली. दुसरी, जी मी काकांच्या हातातून घेतली होती, ती मी ते कार्यालय सोडेपर्यंत चालली. स्वस्त वस्तूच्या टिकाऊपणाबद्दल मला एवढंच ठामपणे सांगता येईल. फ्लॉपीवर शिक्का मारू नये असं पत्रक काढावं, म्हणून मी टिपणी दिली. ती बारनिशीत गेली आणि तिच्यावर काकांनी शिक्का मारला, अगदी हळू, फुंकर घातल्यासारखा.

यादी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि औशाकडच्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो. का, ते मला सांगता येत नव्हतं. ओळ टंकली म्हणजे पाणी पोचलं, असं मानायची माझी हिंमत उरली नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही कागदवाले ना? तेरा दिवस त्या बायकांचे बोल मी खाल्ले. आज तुम्ही खावा."

ते खायची वेळच आली नाही. वस्तीत आम्ही शिरलो तेव्हा बायका टाकीशी नव्हत्या, बहिणीच्या दाराशी होत्या. सासू सकाळी झिऱ्याच्या खड्ड्यात उतरताना पडली होती. चौघांनी तिला गोधडीत घालून आणली होती. पाय मांडीपासून वेडावाकडा झाला होता आणि ती कण्हत नव्हती, त्याची मला जास्त भीती वाटली.

टाकी भरेपर्यंत ड्रायव्हर थांबला, मग म्हणाला, "परत मोकळाच जायलोय. घाला आजीला." केबिनमध्ये सीटवर तिला आडवं घातलं, डोकं बहिणीच्या मांडीवर. तिच्या मुठीत पितळेची वाटी होती, ती कुणाला सोडवता आली नव्हती.

"मावशी, टँकर आला," मी खिडकीतून म्हटलं.

तिनं डोळे उघडले. "किती वतलं?"

"टाकी भरली."

"उद्या येतो का?"

"परवा येईल. एक दिवसाआड."

"लिहिलंय का?"

"लिहिलंय."

"हातानं?"

"हातानंही लिहिलंय," मी म्हटलं.

तिनं ते ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही ते चेहऱ्यावर दिसलं नाही. मग म्हणाली, "झिऱ्यावर माझी घागर ऱ्हायलीया. निम्मी झाली हुती. कुनीतरी आणा. कुत्री तोंड घालतेत."

टँकर गेला. ती पुढे जगली, पण चालली नाही. पावसाळ्यानंतर जेव्हा जेव्हा मी गेलो तेव्हा ती दारात बसलेली असायची, आणि टाकीला पाणी आलं की नाही हे दुसऱ्यांना विचारायची. त्या दिवशी मात्र मला यातलं काही माहीत नव्हतं. केबिनमध्ये मला जागा नव्हती, म्हणून मी मागे राहिलो होतो. ओढ्याची वाट विचारून झिऱ्यावर गेलो.

खड्ड्याच्या कडेची माती ढासळलेली दिसत होती. घागर मात्र तीन दगडांत नीट बसवलेली होती, तोंडाला फडकं बांधलेलं. पडताना तिनं घागरीला धक्का लागू दिला नव्हता. मी ती खांद्यावर घेतली. लहानपणानंतर पहिल्यांदाच घेत होतो, त्यामुळे वाटेत दोनदा खाली ठेवली. वस्तीत पोचलो तेव्हा बायका भरलेल्या टाकीवर रांगेत होत्या. त्यांनी मला वाट करून दिली. घागर टाकीत ओतावी की तिच्या घरात नेऊन ठेवावी, हे कुणाला विचारायचं ते मला कळेना, आणि मी तशीच ती धरून उभा राहिलो.